पदवीला तीन फेऱ्या कमी

“बूट!”

कुणीतरी एवढ्या जोरात ओरडलं की नदीन दारातच थिजली. तिच्या पायात गुडघ्यापर्यंतचे बूट होते, बुटांना एप्रिलमधल्या वितळत्या बर्फाचा चिखल होता, आणि समोर पोहण्याच्या तलावाभोवतीची लख्ख पांढरी फरशी होती. पाण्याचा पाइप हातात घेऊन एक उंच मुलगा तिच्याकडे येत होता. केस ओले, पायात रबरी चपला, गळ्यात शिट्टी.

“आत्ताच धुतली होती,” तो फरशीकडे बघत म्हणाला. मग त्याने मान वर केली, आणि का कोण जाणे, त्याचा आवाज खाली आला. “म्हणजे... पुन्हा धुता येते म्हणा.”

“मला बुडायचंय,” नदीन म्हणाली.

“काय?”

“पोहायचंय. पण माझ्या बाबतीत दोन्ही एकच.”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडली. नदीनने ती पाहिली, आणि न पाहिल्यासारखं करून बूट काढायला खाली वाकली. बूट काही केल्या निघेना. असे प्रसंग आले की बूट निघत नाहीतच.

नदीन थिबोडो ही अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेकडच्या एका गावातली, जिथे बटाटे काढायला आले की शाळेला सुट्टी देतात. लहानपणापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिने चौदा मेडिकल कॉलेजांत अर्ज केले, तेरा ठिकाणांहून नकार आला आणि मार्चमध्ये एका ठिकाणाहून होकार. त्या दिवशी तिची आई शेजाऱ्यांना सांगत गावभर हिंडली होती. होकाराबरोबर अट एकच होती : ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आत पदवी पूर्ण झालेली हवी. या अटीकडे नदीनने ढुंकूनही बघितलं नव्हतं. जीवरसायनात वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला पदवीची कसली काळजी?

आणि मग त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई संगणकात बघत म्हणाल्या, “सगळं झालंय गं. फक्त पोहणं राहिलंय.”

कॉलेज तळ्याकाठी, आणि नियम जुना. तलावाच्या तीन फेऱ्या, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा, न थांबता मारल्याशिवाय इथे कुणाला पदवी मिळत नाही. कशा मारा, किती वेळात मारा, कुणी विचारत नाही. मात्र काठाला किंवा पाण्यात ताणलेल्या दोरीला हात लावायचा नाही. बाकीची पोरं पहिल्याच आठवड्यात हसतखेळत हे उरकतात. नदीनला त्या आठवड्यात सर्दी झाली होती. पुढच्या वर्षी पाय मुरगळला. त्यानंतर तिने ही गोष्ट इतक्या मन लावून विसरायचा प्रयत्न केला की ती खरंच विसरली.

बाईंसमोरच तिने मेडिकल कॉलेजला फोन लावला. काही कॉलेजं पदवी पुरी नसली तरी घेतात म्हणे, तुमचं काय? पलीकडचा माणूस आधी हसला, मग मायेने म्हणाला, “आमच्याकडे पदवी म्हणजे पदवी, बाळा.” पोहण्याची शेवटची परीक्षा मे महिन्यात, पदवीदानाच्या आधीच्या गुरुवारी. ती हुकली तर पदवी डिसेंबरमध्ये, आणि तिची जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी. फोन ठेवून ती होती तशीच, चिखलाच्या बुटांनी, इथे आली होती.

“चौदातलं एकच?” सगळं ऐकून घेतल्यावर त्या मुलाने विचारलं. त्याचं नाव रूबेन. गेल्या वर्षी याच कॉलेजातून बाहेर पडलेला, शरद ऋतूत गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागणार होता. तोवर पोहणं शिकवायचं आणि परीक्षाही त्यानेच घ्यायची.

“एकच.”

“मग उद्या सकाळी ये. बूट न घालता.”

रोज सकाळी म्हाताऱ्या बायकांचा पाण्यातला व्यायाम सुरू होण्याआधी नदीनची शिकवणी असे. बायका मुद्दाम लवकर येत. जांभळी टोपी घातलेल्या मिसेस लुडलो त्यांच्या म्होरक्या. मेपलच्या पाकातले डोनट घेऊन त्या बाकावर बसत आणि या दोघांकडे टक लावून बघत.

“अगं पोरी, पाण्यात उतर आधी! आम्हाला घरी जाऊन स्वयंपाक आहे.”

“तुम्ही एकट्या राहता, मिसेस लुडलो,” रूबेन म्हणायचा.

“म्हणून काय उपाशी राहू?”

पण नदीन पायऱ्यांच्या पुढे जाईना. सहा वर्षांची असताना शेताजवळच्या डबक्यावरचा बर्फ तिच्या पायाखाली फुटला होता, आणि आईने तिला वेण्या धरून बाहेर ओढलं होतं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रूबेनला सांगितलं. तो हसला नाही. “मग आपण उताणं पोहू,” एवढंच म्हणाला. “तोंड पाण्याबाहेर. आकाशाकडे बघत.”

“इथे आकाश कुठाय? छत आहे.”

“डॉक्टरांना सगळंच कसं नीट लागतं!”

त्याने तळहात पुढे केला. ती त्यावर हळूच आडवी झाली... डोळे घट्ट मिटून, श्वास कोंडून.

“काहीतरी बोल,” तो म्हणाला. “बोलताना श्वास सोडावाच लागतो.”

“तुझा हात माझ्या पाठीच्या सातव्या मणक्याखाली आहे.”

“काढू?”

“काढलास तर जीव घेईन.”

“आणि नाही काढला तर?”

नदीनचा श्वास सुटला, कान पाण्याखाली गेले, आणि जगातले सगळे आवाज मऊ झाले. छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती. ती भीतीची आहे असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

मग हळूहळू हात निघाला. पाय हलायला लागले, हातही हलायला लागले. तलावाच्या दोन्ही टोकांना, पाण्याच्या वर, रंगीत तिकोनी झेंड्यांची एकेक माळ बांधलेली होती.

“उताणं पोहताना भिंत दिसत नाही,” रूबेनने सांगितलं. “म्हणून ते झेंडे. ते डोक्यावरून गेले की भिंत जवळ आली समजायचं.”

“आणि तू कुठे असशील?”

“भिंतीपाशी.” “नेहमीच,” असंही म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. बाकावरून मिसेस लुडलो खोकल्या. तो खोकला सर्दीचा मुळीच नव्हता.

असं सगळं गोड चाललेलं असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी नदीनचं अवसान गळालं. दुसऱ्या फेरीत नाकात पाणी गेलं, तिने दोरी पकडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पकडली. शेवटी ती काठावर टॉवेल गुंडाळून बसली. दात वाजत होते, डोळे भरले होते.

“रूबेन... तू नुसती सही कर ना.”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“कुणाला कळणार आहे? मी काय तळ्यातून पोहत दवाखान्यात जाणार आहे? चार वर्षं मरमर केलीय मी. आईने सगळ्या गावाला सांगितलंय. तुझ्या एका सहीवर अडलंय सगळं!”

“नाही करणार.” तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “उद्या तुला कुणी म्हणालं, डॉक्टर, तपासू नका, नुसती सही करा, तर करशील?”

“हे बोलायला तुझं काय जातं! तुझी जागा नाही जाणार!”

ती तशीच ओल्या केसांनी निघून गेली. चुकीचं आपण मागितलं हे तिला दारातच कळलं होतं. पण मागे वळायला जो धीर लागतो, तो पोहायला लागतो त्याहून जास्त असतो.

गुरुवारी ती आली तेव्हा पायऱ्यांपाशी कोच ब्रेनर उभ्या होत्या. या रूबेनच्या वरच्या बाई, पिकल्या केसांच्या, करड्या आवाजाच्या.

“रूबेन कुठाय?”

“तो तुझी परीक्षा घेणार नाही म्हणाला. मी घेतेय. चल, उतर.”

नदीनने वर पाहिलं. तो वर शेवटच्या बाकावर होता, म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात, दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवून. तिच्याकडे बघत होता, पण हसत नव्हता. एवढा राग? नेहमीच भिंतीपाशी असेन म्हणणारा हाच का? ठीक आहे. तिने दात ओठावर रोवले आणि पाण्यात पाठ टेकली.

पहिली फेरी तिने रागाच्या भरात मारली. दुसऱ्या फेरीत मधोमध तिच्याच हाताने उडालेलं पाणी नाकातोंडात गेलं. दोरी अगदी हाताशी होती. बोटं तिच्याकडे गेलीसुद्धा... ‘काहीतरी बोल.’

“पाठीचा पहिला मणका,” नदीन खोकत मोठ्याने म्हणाली. “दुसरा. तिसरा.”

“काय बडबडतेय ती?” कुणीतरी विचारलं.

“अभ्यास!” मिसेस लुडलो म्हणाल्या. “गप्प बसा जरा!”

सातव्या मणक्याशी तिचा आवाज चिरकला, पण हात चालत राहिला. झेंडे आले, डोक्यावरून गेले. पायाने भिंत ढकलून ती पुन्हा वळली. तिसऱ्या फेरीत तिने काहीच मोजलं नाही. पुन्हा झेंडे, पुन्हा भिंत, आणि खोल बाजूच्या काठाला लटकून ती ढसाढसा रडायला लागली. बायका टाळ्या पिटत होत्या.

“पास,” कोच ब्रेनर वाकून म्हणाल्या. “झालीस की गं पदवीधर.”

“तो... तो माझ्यावर इतका चिडलाय?”

“कोण? रूबेन?” बाईंचा करडा आवाज जरा निवळला. “काल संध्याकाळी आला माझ्याकडे. म्हणाला, कोच, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ही नुसती पाण्यात उतरली तरी मला तीन फेऱ्या झाल्यासारख्या दिसतील. म्हटलं, का रे? तर म्हणाला, माझं प्रेम आहे तिच्यावर.”

नदीनने मान वळवली. बाकावरून उतरून तो पलीकडच्या टोकाला, उथळ बाजूच्या काठावर गुडघे टेकून बसला होता. भिंतीपाशी. मध्ये अख्खा तलाव होता.

“चल, ये बाहेर,” कोच म्हणाल्या.

“एक फेरी राहिलीय.”

“तीनच असतात गं.”

“ही परीक्षेची नाही.”

आणि ती उताणी झाली. उताणं पोहताना समोरचं माणूस दिसत नाही. छत दिसतं, दिवे दिसतात. या खेपेला तिला कसली घाई नव्हती. झेंडे आले, एकेक करून डोक्यावरून गेले. भिंत आता जवळ होती आणि ती मुद्दाम थांबली नाही. डोकं भिंतीवर आदळायच्या आत एक तळहात पाण्यात आला आणि तिच्या डोक्याखाली अलगद टेकला.

“सातवा मणका?” रूबेनने विचारलं. तो उलटा दिसत होता, आणि खळी आता दुसऱ्या बाजूला आली होती.

“डोकं आहे ते. माझं.”

“चालतंय का?”

“आत्ता नाही.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “रूबेन, काल मी जे मागितलं...”

“विसरलो मी.”

“मी नाही विसरणार. विसरायचंही नाही मला.” तिने पाण्यातला हात वर काढून त्याचं मनगट धरलं. “कोचना जे सांगितलंस, ते मला का नाही सांगितलं?”

“तुला परीक्षा होती ना,” तो पुटपुटला. “म्हटलं, आधी पदवी होऊ दे पूर्ण.”

“झाली. आता सांग.”

त्याने सांगितलं. अगदी हळू, तिच्या ओल्या कानाशी वाकून. बाकावर बायकांनी माना कितीही लांब केल्या तरी एक अक्षर ऐकू गेलं नाही. तिने जे उत्तर दिलं ते मात्र सगळ्यांनी ऐकलं, कारण कानात पाणी गेलेलं माणूस फार मोठ्याने बोलतं.