रुमालाचं नवं नाव

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थबकली, दिवा गेला, आणि आत्यानं माझा दंड असा आवळला की मीच ओरडले.

आत्या जन्मापासून बहिरी. तिनंच मला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे मी बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकले. पण हातांच्या भाषेला उजेड लागतो. अंधारात मी तिला साधं ‘घाबरू नको’ही सांगू शकत नव्हते.

मी दार बडवलं. जिन्यावर धावती पावलं वाजली आणि कुणीतरी धापा टाकत म्हणालं, “मी आलोय! दार उघडायला जरा वेळ लागेल. पण मी इथंच आहे, कुठं जात नाही.”

“मला ऐकू आलं हो,” मी म्हणाले. “पण माझ्या आत्याला ऐकू येत नाही. तुमचं ते ‘आलोय’ तिला कसं कळायचं?”

मग दाराच्या फटीत काहीतरी खरवडलं... आणि टॉर्चची बारीक तिरीप आत आली. नेमकी आमच्या हातांवर. मी खुणेनं सांगितलं – कुणीतरी आलंय. आत्याची पकड सुटली. माझ्या दंडानं सुटकेचा निःश्वास टाकला.

दार उघडलं तेव्हा समोर लिफ्ट दुरुस्त करणारा एक उंच, घामाघूम तरुण उभा होता. हात ग्रीसनं काळे, आणि चौकड्यांचा भलामोठा रुमाल कपाळावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि दोन बोटं स्वतःच्या कपाळावरून फिरवली.

“काय म्हणाल्या त्या?”

“तुम्हाला नाव दिलं. रुमाल. आमच्या भाषेत माणसाचं नाव त्याच्या सवयीवरून पडतं.”

“अरे वा! आणि तुमचं काय?”

“ते फक्त घरच्यांना माहीत असतं.”

तो हसला. हसणं बरं होतं... म्हणजे, चांगलंच बरं होतं. मी मुद्दाम जिन्याकडे बघत राहिले, जसं काही मी कधी जिना पाहिलाच नव्हता.

आम्ही निघालो होतो त्या वरच्या मजल्यावर उपदेशाचा वर्ग भरायचा. कुणी दुकान चालवणारा, कुणी शाळेत शिकवणारा – आठवडाभर पोटापाण्याचं बघून रविवारी चर्चमध्ये आपल्या मंडळीसमोर उभं राहणाऱ्या माणसांना मोठे पाळक नीट उपदेश करायला शिकवायचे. त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येकानं मला शेजारी उभं करून बोलायचं, आणि मी ते पहिल्या बाकावरच्या आत्याला खुणांनी सांगायचं. आत्या म्हणजे अवघड गिऱ्हाईक. कंटाळली की ती सरळ डोळे मिटून घेते. तुम्हीआम्ही कानांवर हात ठेवावे तसं.

त्या दिवशी नवा उमेदवार म्हणून पुढे आला तो... रुमाल! हात घासून धुतलेले, केस पाणी लावून बसवलेले.

“हे अगाध, अपार, अवर्णनीय कृपेच्या अथांग महासागरा...” त्यानं आवाज चढवला.

माझे हात वर गेले आणि हवेतच राहिले. यातलं काय सांगू? पाणी खूप आहे म्हणून? आत्यानं शांतपणे डोळे मिटले.

वर्ग सुटल्यावर त्यानं मला जिन्यात गाठलं. “तुम्ही हात का थांबवलेत?”

“तुम्ही काही सांगितलंत तर हलवेन ना!”

तो रागावेल असं वाटलं होतं. पण तो पायरीवर बसला आणि रुमालाशी चाळा करत राहिला. “मी उपदेशाच्या परीक्षेत एकदा नापास झालोय,” तो म्हणाला. “आमच्या वस्तीतल्या मंडळीला पाळक नाही. त्यांनी मला निवडलंय. या खेपेला जमलं नाही तर आमचं चर्च बंद होईल, सगळ्यांना दुसरीकडे जोडून देतील. माझी आई ज्या बाकावर बसते ना, तो बाक माझ्या आजोबांनी केलाय...”

आता यावर माझ्यासारखीनं काय करावं? मी म्हणाले, “उद्या वर्गानंतर थांबा. माझे हात थांबले की तुम्हीही थांबायचं. कबूल?”

“कबूल.”

मग रोज रिकाम्या हॉलमध्ये आमची खडाजंगी सुरू झाली. तो बोलायचा, मी हात थांबवायचे, तो कपाळ पुसायचा. आत्या खिडकीपाशी कुणाचातरी सदरा शिवत बसायची आणि अधूनमधून आमच्यापेक्षा आमच्या मधल्या अंतराकडे जास्त बघायची.

“माझ्याकडे काय बघताय? हातांकडे बघा!”

“हात तुमचेच आहेत ना? वेगळे काढून कसे बघू?”

एकदा मी कंटाळून विचारलं, “बरं, उपदेश राहू दे. आज दिवसभर काय केलंस?”

‘केलंस’ कधी तोंडातून गेलं, कळलंच नाही. त्याला मात्र बरोब्बर कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो सांगत सुटला – लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्याबद्दल, दार उघडेपर्यंत त्याच्याशी मारलेल्या गप्पांबद्दल, बाहेर आल्यावर त्यानं धरून ठेवलेल्या हाताबद्दल. तो थांबला तेव्हा आत्याची सुई थांबली होती.

“लक्षात आलं?” मी विचारलं. “माझे हात एकदाही थांबले नाहीत.”

“पण... हे काय चर्चमध्ये सांगायचं असतं का?”

“मग कुठं सांगणार? लिफ्टमध्ये?”

परीक्षेच्या दिवशी हॉल गच्च भरला. पुढे परीक्षक पाळक, मागे त्याच्या वस्तीतली माणसं, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, श्वास रोखून. तो पुलपिटाच्या उंच चौथऱ्यावर चढला. चेहरा पांढराफटक. हातात लिहून आणलेला कागद.

“हे अगाध... अपार...”

देवा! पुन्हा तेच!

माझे हात वर होते. वाटलं, काहीतरी हलवावं. कुणाला कळणार होतं? आत्या सोडून एकालाही नाही. तो तरून गेला असता कदाचित. पण ज्याला मी इतके दिवस खरं बोलायला शिकवलं, त्याच्याच शेजारी उभं राहून खोटं बोलायचं? मला नाही जमलं. मी हात खाली घेतले.

त्यानं पाहिलं. रुमाल काढला, कपाळ पुसलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून थेट आत्यासमोर येऊन उभा राहिला.

आणि त्यानं हात उचलले!

वाकडीतिकडी बोटं, धडपडत्या खुणा. हे तो कधी शिकला? कुणाकडून? आत्याच्या ओठांवरचं हसू पाहून सगळं ध्यानात आलं. माझ्या माघारी खिडकीपाशी नुसते सदरे शिवले जात नव्हते तर! हॉलमध्ये कुजबुज उठली. मंडळीला काही कळेना. आज हात नाही, आवाज द्यायची पाळी माझी होती.

“अंधार,” मी मोठ्यानं म्हणाले. “दार बंद. आतल्या माणसाला माझी हाक ऐकू जात नाही. दार लगेच उघडत नाही. पण मी उजेड आत पाठवू शकतो. तो सांगेल... मी आलोय.”

माझा आवाज कापला. कापू दे, म्हटलं.

मग तो तोंडानं बोलू लागला, आणि माझे हात धावू लागले. हरवलेल्या मेंढराला मेंढपाळानं लांबून हाका मारल्या नाहीत, तो म्हणाला. मेंढपाळ स्वतः गेला, काट्याकुट्यांतून, मेंढराजवळ. आपणही एकमेकांकडे असंच जायचं. आधी जायचं, उपदेश नंतर. मागच्या बाकावर त्याची आई पदरात तोंड लपवून रडत होती. आत्याचे डोळे टक्क उघडे होते. आणि मी? अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला होता की हा माणूस माझा कुणी लागत नाही, हे मला आठवतही नव्हतं.

परीक्षक आपसात बोलले. मोठे पाळक उठले, चष्मा पुसत म्हणाले, “मला आज एकही चूक काढता आली नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. जा, तुझी मंडळी सांभाळ.”

मग जो गलका झाला! वस्तीतल्या माणसांनी त्याला घेरलं. गर्दीतून वाट काढत आत्या त्याच्यासमोर गेली. कपाळावरून दोन बोटं फिरवली, आणि ती खूण झटकून टाकली. मग एका हाताची दोन बोटं फटीसारखी उघडली आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यातून अलगद आत सरकवलं. फटीतला उजेड. रुमालाला नवं नाव मिळालं.

तो मान झुकवून उभा राहिला. मग गर्दीवरून त्यानं मला शोधलं, आणि हलकेच स्वतःच्या बाहीचं टोक दोनदा ओढलं.

हे माझं नाव! लहानपणी मी सारखी आत्याची बाही ओढायचे म्हणून पडलेलं. मी त्याच्यापाशी गेले. “हे... हे तुला कुणी सांगितलं?”

“आत्यांनी. मी विचारलं, तर म्हणाल्या, घरच्यांना माहीत असायलाच हवं.” त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. “मी... म्हणजे मी घरचा...”

“तोंडानं अडखळतोस,” मी म्हणाले. “हातांनी सांग.”

त्यानं सांगितलं. छोटंसं – मी आलोय.

माझे हात क्षणभरही थांबले नाहीत. दार उघडंच आहे, मी म्हणाले.

शेजारीच उभी राहून आत्या आमचा शब्द न् शब्द वाचत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तशी ती गालात हसली. आणि मग, उपदेश तर केव्हाच संपला होता तरीही, तिनं अगदी ठरवून डोळे मिटून घेतले.