मागच्या खोलीतल्या बाई

विचारलंत म्हणून सांगते. त्या दुपारी ग्रंथालयातली वीज गेली होती, म्हणून मी कपाटं उघडून पुस्तकांना वारा देत होते. विद्यापीठाने ताईच्या जागेवर मला घेतलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. संशोधन कसं करायचं, हे मुलांना तीच शिकवायची. कर्करोग हाडांत उतरला तरी येऊन बसायची.

एक विद्यार्थिनी आली. सकाळी हीच ‘मला पाण्यावर काहीतरी करायचंय’ म्हणत माझं डोकं खाऊन गेली होती. आता तिचा विषय चिमटीत मावेल एवढा झाला होता: विहिरी आटल्या की गावातल्या बायकांचा दिवस कसा बदलतो. कोणते शब्द घालून शोधायचं, एका लेखाच्या संदर्भांवरून दुसऱ्यापर्यंत कसं पोचायचं, सगळं घडाघडा सांगितलं तिने.

“कुणी शिकवलं गं?”

“मागच्या खोलीतल्या बाईंनी. प्रश्न लहान कर म्हणाल्या. पण फार थकलेल्या दिसल्या हो...”

मागच्या खोलीत ताई बसायची. ती गेल्यापासून तिथे कुणीच बसत नव्हतं.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण आठवण भीतीहून मोठी होती. मी गेले. आत काळोख साचला होता. जुन्या कागदांचा वास, आणि त्याखाली ताईच्या मलमाचा. तिच्या टेबलासमोर मी विद्यार्थ्यासारखी बसले.

“ताई... आहेस ना? कशी आहेस, कुठे आहेस, मला एकटीला टाकून का...”

अंधारातून आवाज आला. तिचाच.

“फार मोठा प्रश्न आहे, बाळा... लहान कर.”

मला रडू आवरेना. शेवटी शेवटी ती रात्रंदिवस कण्हायची आणि मी नुसती हात धरून बसायची.

“अजून दुखतं का गं?”

“नाही... आता नाही.”

एवढंच तर हवं होतं मला. इतके महिने छातीत अडकलेला हुंदका मोठ्याने फुटला.

“हळू!” ती घाईघाईने कुजबुजली. “उठेल तो... आत्ता कुठे झोपलाय.”

ताईचं लग्न झालं नव्हतं. घरात आम्ही दोघीच.

“कोण, ताई?”

श्वास रोखून धरावा तशी खोली गप्प झाली.

आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी कूस बदलली.