दोन बुधले पाणी

त्या काळी खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळणारे आमच्या शहरात चार-पाचच जण होते आणि पुरतं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मी वर्तमानपत्रात भरती-ओहोटीचं रोजचं कोष्टक लावायचो. शिवाय आठवड्याला छंदांचं सदर. त्यात मी लिहिलं: टाकीतलं पाणी घटलं की समुद्राचंच पाणी घाला.

ते चूक होतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वरून साधंच पाणी घालायचं असतं. मला हे माशांच्या दुकानदाराने सांगितलं. "कोणत्या शहाण्याने छापलं हो ते?" त्याने विचारलं. तेव्हा माझे मेहुणे जाऊन अकरा दिवस झाले होते.

सदर वाचून ते काचेचे दोन बुधले घेऊन खडकांवर पाणी भरायला गेले. चपला सापडल्या. ते नाहीत, बुधलेही नाहीत.

सदराखाली माझं नाव नसायचं. लिहिणारा मी, हे मेहुण्यांना माहीत नव्हतं. बहिणीलाही नाही.

ती टाकीपासून हलेना. लोखंडी चौकट, डांबराने लिंपलेले सांधे, आत एकच मासा, पिवळा, काळ्या पट्ट्यांचा. "आमचा पट्टेवाला साहेबापेक्षा जास्त खातो," मेहुणे म्हणायचे. तो जगला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. टाकीचं काम मी अंगावर घेतलं. काचेवर पाण्याच्या पातळीला मेणाच्या पेन्सिलीने रेघ मारली.

चार दिवस पाणी घटलंच नाही.

पाचव्या सकाळी ते रेघेच्या बोटभर वर होतं.

"तू घातलंस?"

"मी कशाला हात लावू? तुझं खातं ते."

दुपारी ते बोटभर खाली होतं. सांधे चाचपले, खालची फरशी कोरडी. मग दोन दिवस रजा काढून टाकीसमोर बसलो आणि पाणी चढायच्या-उतरायच्या वेळा टिपल्या. त्या ओळखीच्या निघाल्या. कोष्टक मीच लावलेलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

शनिवारी सकाळी गेलो, तर बहिणीने बऱ्याच दिवसांनी केस विंचरले होते. मी भांड्यात साधं पाणी घेतलं. खारेपणा हलका केला तर हे चढणं-उतरणं थांबेल, असं वाटलं.

"ते नको, दादा. हे रागावतील."

"कोण?"

"म्हणाले, दादानेच छापलंय ना, समुद्राचंच घालायचं म्हणून?"

मी भांडं खाली ठेवलं.

"कधी म्हणाले?"

"आत्ताच. पाणी ठेवून गेले. अनवाणी चालून पाय सोलवटलेत नुसते." ती माशाकडे बघत होती. "एकट्याला ओझं होतं म्हणाले. पुढच्या खेपेला दादाला नेतो."

दाराआड दोन बुधले होते. गळ्यापर्यंत भरलेले, बाहेरून वाळू चिकटलेले.

मी घड्याळ पाहिलं. दहा बावीस. त्या दिवशी भरती पुरी होऊन ओहोटी लागायची वेळ मी दहा बावीसच लावली होती.

बुचं घट्ट बसलेली होती. आतलं पाणी उतरू लागलं.