पाणी दिल्यावर

अक्रातल्या जेम्सटाउन वस्तीत, दीपगृहाच्या मागच्या गल्लीत, ओडार्ले तीन खोल्या प्रवाशांना भाड्याने देई. चादरी धुतलेल्या, मच्छरदाणी शिवलेली, नावं ठेवायला जागा नाही. फक्त ती कुणाला पाणी विचारत नसे. खोलीत पाण्याच्या बंद पिशव्या ठेवलेल्या असत. तहान लागली की ज्याने त्याने दातांनी कोपरा फोडावा आणि प्यावं. गल्लीतल्या बायका म्हणत, "ओडार्लेचा माठ काय नवसाचा आहे?"

त्यांना कारण माहीत होतं, तरी म्हणत.

अक्रात पाहुणा आला की आधी बसायला देतात, मग पाणी, आणि तो प्यायला की विचारतात, वाटेची खबर काय. पाण्याआधी यजमानाने विचारायचं नाही, पाहुण्याने सांगायचं नाही. पाणी दिल्यावर मात्र विचारावंच लागतं. चार वर्षांपूर्वी ओडार्लेची एकुलती मुलगी आयेले वाळवंटाच्या वाटेने युरोपला निघाली. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या आगादेझहून तिचा फोन आला, "आई, उद्या ट्रक सुटतोय." पुढे काही नाही. दोन वर्षांनी त्याच वाटेवरून परतलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. ओडार्लेने त्याला पाणी दिलं नाही. तासभर उन्हात उभा राहून तो निघून गेला. खबर आली नाही, म्हणजे पोरगी आहे. एवढ्या एका आधारावर ती जगत होती.

जानेवारीत वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला, समुद्र धुळीने दिसेनासा झाला, आणि एका सकाळी खांद्याला पिशवी लावलेला एक तरुण खोली मागायला आला. ओठ फुटलेले, भुवयांवर धूळ.

"कुठून?" तिने सवयीने विचारलं.

"आगादेझहून. शहर बघायला आलोय."

नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण हात किल्लीकडे गेला होता. त्याने उजव्या हाताने, रीतीप्रमाणे, किल्ली घेतली. इसूफ, असं नाव सांगितलं.

तो दिवसभर हिंडे आणि संध्याकाळी अंगणात बसून काय पाहिलं ते सांगे. पहिल्या दिवशी दीपगृह, होड्या, मुष्टियुद्धाचा आखाडा.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बंदराजवळच्या पिवळ्या थिएटरात गेलो होतो. पंखा डोक्यावर पडेल असं वाटत होतं."

"कुठलं थिएटर?"

"वळणावरचं. दारात शेंगदाणे विकतात ते."

ते थिएटर पाडून तीन वर्षं झाली होती. कुणाकडून तरी ऐकलं असेल, असं ओडार्लेने स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी केंके आणलं, मक्याच्या पानात बांधलेला आंबवलेल्या पिठाचा गोळा. अजून गरम होता. पानाला दोन पीळ देऊन टोक आत खोचलेलं होतं. असं फक्त केंके विकणारी आक्वेले बांधायची, कडुनिंबाखाली बसून, आणि आयेले शाळेतून येताना रोज तिच्याकडचंच घ्यायची. आक्वेलेला मागच्या नाताळाच्या आधी पुरलं. ओडार्ले स्वतः रडली होती तिथे.

"झाडाखालच्या मावशींनी दिलं," इसूफ म्हणाला. "म्हणाल्या, डावखुरीच्या आईला दे."

ओडार्लेने केंके खाल्लं नाही, टाकलंही नाही. ते फळीवर ठेवून ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. आयेले डावखुरी होती. डाव्या हाताने घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान, म्हणून लहानपणी ओडार्लेने पोरीच्या त्या हातावर किती फटके मारले होते. ते आता एकेक आठवत होते.

शुक्रवारी दुपारी दीर आयिते आला. त्याने पंचायतीशी बोलून ठेवलं होतं.

"वहिनी, आता पुरे. उद्या घरचे सगळे बसणार आहेत. तिचा एक चांगला फोटो काढून ठेवा, भिंतीवर लावायचे निधनाचे कागद छापायला द्यायचेत."

"खबर आली नाही अजून."

"तुम्ही येऊ दिली तर येईल ना. पोरीला वाटेत ताटकळत ठेवलंय तुम्ही. संध्याकाळी येतो फोटो न्यायला."

तो गेल्यावर ती रडली. पोरगी ताटकळतेय, हे तिला आजवर कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं.

चार वाजता इसूफ परतला. पिशवी पाठीलाच होती.

"शहर बघून झालं," तो म्हणाला आणि अंगणातल्या चौरंगावर बसला. ओठांतून रक्त आलेलं होतं. खोलीतल्या पाण्याच्या पिशव्या घ्यायला तो गेलासुद्धा नाही.

ओडार्लेने माठातून पेला भरला. आपण काय करतोय हे तिला पेला पुढे केल्यावर कळलं.

त्याने डावा हात पुढे केला.

तो घटाघटा प्यायला आणि पेला परत पुढे केला.

"आणखी?"

त्याने मान डोलावली.

पाहुण्याचं पिऊन होईपर्यंत विचारायचं नाही. तिने दुसरा पेला दिला, तिसरा दिला. मग मोजणं सोडलं. माठ तळाला गेला तेव्हा तिने खोल्यांतल्या पिशव्या आणल्या, एकेक दातांनी फोडून पेल्यात ओतू लागली.

त्याचं पोट फुगलं नाही. अंगणात एक थेंब सांडला नाही.

डावा हात पुन्हा पुढे यायचा.

कशाने गेली, किती दिवस लागले, शेवटी कुणाला हाक मारली, यातलं काहीच आता विचारायला उरलं नव्हतं.

"पी, बाळा," ती म्हणाली. "त्याच हाताने पी."

दिवेलागणीला आयिते आला. रिकाम्या पिशव्या पायांत आल्या म्हणून उंबऱ्यावरच थबकला.

"वहिनी, हा कोण?"

ओडार्लेने मागे न बघता सांगितलं, "फोटो फळीवर आहे, केंक्याशेजारी. घेऊन जा. हसरा आहे तोच छापा." शेवटची पिशवी पेल्यात पिळून म्हणाली, "आणि भावजी, नळावरून एक बादली भरून आणा."

पेला पुन्हा पुढे आला होता. त्याचे ओठ अजून कोरडेच होते.