एकतीस नंबरचं रक्त

क्लीव्हलंडला जानेवारीत आभाळ नसतंच. समुद्राएवढ्या तलावावरून एक ओलं करडं फडकं येतं आणि मार्चपर्यंत गावाच्या डोक्यावर पडून राहतं.

त्या सकाळी रक्त काढणारी नर्स आजारी पडली, म्हणून रक्त तपासणाऱ्या इलोना साबोला तळघरातल्या खोलीत उतरावं लागलं. खरं तर उतरायला नको होतं. प्रयोगशाळेचा एकच सोवळा नियम होता – जो रक्त काढतो त्याने ते तपासायचं नाही, आणि जो तपासतो त्याला नळीवरचा नंबर दिसावा, माणूस दिसू नये. माणूस दिसला की हात चळतो. पण साहेब, म्हणजे डॉक्टर व्हिटलॉक, म्हणाले, "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं ना.

खुर्चीत एक धिप्पाड गडी बाही गुंडाळून बसला होता. हात दोरखंडासारखे, आणि चेहरा मात्र गणिताच्या पेपरला बसलेल्या पोरासारखा.

"सुईकडे बघणार की छताकडे?" इलोनाने विचारलं.

"तुमच्याकडे बघितलं तर चालेल का, नर्सबाई?"

"मी नर्स नाही."

"मग सुई कशाला धरलीय?" तो खरंच घाबरला.

ती हसली… आणि शीर एका फटक्यात सापडली. त्याला कळलंही नाही. नळी भरली, तिने तिच्यावर चिकटपट्टी लावली – ३१. बस्स. तेवढ्यात नियम मोडला होता.

त्याचं नाव ऑरिन. लोखंडाची माती वाहणाऱ्या जहाजावरचा खलाशी. हिवाळ्यात तलाव गोठतो, जहाज नदीच्या काठाला बांधून ठेवतात आणि खलाशी गावात रिकामे फिरतात. रिकाम्या माणसांचं रक्त विज्ञानाला फार आवडतं. येतात वेळेवर, विचारत काही नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो तिला चर्चच्या तळघरात भेटला. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतले शुक्रवार म्हणजे अख्खं गाव तिथे तळलेल्या माशांच्या रांगेत.

"नर्सबाई!" त्याने रांगेतून हाक मारली. चार म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या.

"हळू बोल रे, माझी आत्या आहे पुढे."

"मग तिच्यासमोरच विचारतो. माझ्या रक्ताचं तुम्ही करता तरी काय?"

तिने कोबीच्या वाटीत चमचा फिरवत सांगितलं. "शरीरात जंतू शिरला की पेशी निरोप धाडतात. बारीक प्रथिनं असतात ती. एक बोंब मारतं – धावा, घर पेटलंय! सगळी फौज धावते. मग काही तासांनी दुसरं प्रथिन निघतं. ते म्हणतं – पुरे, आता थांबा. आम्ही तुमच्या रक्ताला खोटा जंतू दाखवतो आणि कोण किती ओरडलं ते मोजतो."

"आणि ते दुसरं निघालंच नाही तर?"

"मग फौज घरच पाडते."

तो हसला नाही. मासा तसाच ठेवला. "माझ्या बापाचं बोट तारेने कापलं होतं. जहाजावरच. एवढंसं. तिसऱ्या दिवशी गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, जखम काहीच नव्हती, अंगच उलटलं त्याच्यावर."

बाहेर बर्फाचा चिखल पडत होता. नदीकाठी चालताना त्याने तिची टोपी कानांवर ओढून दिली – इतकंच. पण घरी पोचेपर्यंत इलोनाचे कान गरम होते.

"आमची जहाजं ओळखीच्या माणसाला भोंग्याने सलाम करतात," तो म्हणाला. "तीन लांब, दोन आखूड. आमच्या कप्तानाने आजवर तो फक्त बायकोला दिलाय."

"मला देईल?"

"त्यासाठी त्याला सांगावं लागेल, तू कोण, तुझी-माझी ओळख काय."

"मग सांग की."

"छे! मी त्याला हवामानापलीकडे काही सांगत नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी इलोनाने एकतीस नंबरची तपासणी लावली. छोट्या खळग्यांची पाटी असते. ज्या खळग्यात प्रथिन असेल तिथे रंग पिवळा होतो. बोंब मारणाऱ्या प्रथिनाची ओळ हळदीसारखी पिवळीजर्द झाली. थांबवणाऱ्याची ओळ… पाण्यासारखी. तिला वाटलं, हात चळला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. जुन्या नळ्या काढून केलं. तेच. थांबवणारा निरोप यायचा, पण फार उशिरा आणि फार थोडा.

तिला बोट आठवलं. एवढंसं.

व्हिटलॉक पाटी बघून खुलले. "वा! असा दाता दहा वर्षांत मिळत नाही. त्याला दर आठवड्याला बोलवा."

"त्याला सांगायला हवं ना, सर?"

"काय सांगणार? हे निदान नाही, संशोधन आहे. संमतीपत्राचं सातवं पान वाचा – निष्कर्ष दात्याला कळवले जाणार नाहीत. सही आहे त्याची."

सातवं पान! अकरा पानांच्या कागदात सातवं पान कुणी वाचत नाही, आणि कुणी वाचू नये म्हणूनच ते सातवं असतं. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातून मरण वाचायचं आणि त्याच्याच सहीने त्याचं तोंड बंद करायचं. याला नीतिनियम म्हणतात. आणि इलोना? तीही तीन आठवडे मूग गिळून बसली. तीन शुक्रवार समोर बसून मासे खाल्ले. नोकरी जाईल म्हणून घाबरली, असं ती स्वतःला सांगायची. खरी भीती वेगळीच होती. हे ऐकल्यावर तो समोर बसणार नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ फुटला. जहाजावर रंगकाम सुरू झालं. तिथून एकदा निघालं की दवाखाना दोन-दोन दिवस लांब.

ती धक्क्यावर गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

ऑरिनने हातातला ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला. "कधीपासून ठाऊक आहे?"

"तीन आठवडे."

"माझ्या ताटातले बटाटे खात होतीस, तेव्हाही?"

"हो."

"तुझं प्रेम कशावर होतं ग? माझ्यावर की माझ्या रक्तावर?"

"रक्तासाठी कुणी नोकरी घालवत नाही, ऑरिन. आज सकाळीच साहेबांना सांगून आले, की मी तुला सांगणार आहे. मला काढलं त्यांनी. मला तू हवा आहेस. भांडायला, टोपी ओढायला… पण जिवंत!"

तिने घडी केलेला कागद पुढे केला. स्वतःच्या हाताने लिहिलेला. *ताप आला किंवा जखम लाल झाली तर वाट पाहू नका. पहिल्या बंदरात उतरवा. डॉक्टरांना हे दाखवा.* खाली त्या प्रथिनांची नावं, मोठ्या अक्षरांत.

"हा कप्तानाला दे."

"दिला तर उतरवेल मला. या जहाजाशिवाय मी कोण आहे, सांग?"

"उतरवू दे."

"तुला सोपं आहे. तू कोरड्यावर उभी आहेस."

कागद त्याने न वाचता खिशात कोंबला आणि शिडी चढून गेला. वळून बघितलं नाही.

नऊ दिवस फोन आला नाही. दहाव्या दिवशी जहाज निघणार, हे तिला आत्याकडून कळलं. ती नदीच्या वळणावर, उचलत्या पुलापाशी जाऊन उभी राहिली. धुकं होतं. पूल वर गेला आणि ते लांबलचक तांबडं धूड तिच्यासमोरून सरकायला लागलं… सावकाश, जणू ओळख ना देख. नाकाड गेलं. मधला भाग गेला. डेकवर कुणी नव्हतं. तिने गळपट्टा आवळला आणि जायला वळली.

भोंगा झाला.

लांब. लांब. लांब. मग दोन आखूड.

पूल चालवणारा म्हातारा केबिनच्या खिडकीतून डोकावला. "कुणाला सलाम ठोकतोय हा कप्तान? याची बायको तर फ्लोरिडाला गेलीय!"

इलोना पुन्हा नदीकडे वळली. म्हणजे त्याने सांगितलं होतं! ती कोण, ओळख काय आणि कागदात काय लिहिलंय – सगळं. आणि कप्तानाने त्याला उतरवलं नव्हतं. कागद ठेवून घेतला होता आणि माणूसही.

जहाजाच्या मागच्या कठड्याशी ऑरिन उभा होता. त्याने हात हलवला नाही. त्या गोठवणाऱ्या वाऱ्यात त्याने फक्त डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळली, आणि धुकं मधे येईपर्यंत तो हात, सुईसमोर धरावा तसा, तिच्याकडे धरून उभा राहिला.