छत्तीस नावांची गोधडी

प्रत्येक सहाव्या नावाखालची फट बाकीच्या फटींपेक्षा दोन मिलिमीटरने मोठी होती. आर्डिस क्वामने पट्टी तीनदा लावून पाहिली. सहाव्या नावाखाली, बाराव्या, अठराव्या, चोविसाव्या, तिसाव्या. पाचही ठिकाणी तेवढीच.

"काय मोजतेयस एवढं?" लिओना टेशने विचारलं. "छत्तीस बायकांची नावं आहेत. तुझं अकरावं, माझं विसावं."

"लिहिणारा दर सहा नावांनंतर थांबलाय. हात उचललाय, कुठेतरी बघितलंय, मग पुढे लिहिलंय."

"मग?"

"मग ही यादी आठवून लिहिलेली नाही. कशावरून तरी उतरवलीय."

गुरुवारची सकाळ होती. विस्कॉन्सिनमधल्या लोन एल्म गावच्या सहकारी डेअरीत मागच्या बाजूला एक लहान प्रयोगशाळा होती. आलेल्या दुधातली चरबी आणि जंतू मोजणं हे आर्डिसचं काम. लिओना हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. या आठवड्यात तिला शाळेत येऊ नका असं सांगण्यात आलं होतं.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या वसंतात चर्चच्या महिला मंडळाने रशियातल्या सैनिकी इस्पितळासाठी एक गोधडी शिवली होती. कल्पना लिओनाची. प्रत्येकीने एका चौकोनावर लाल दोऱ्याने आपलं नाव भरलं होतं. तेव्हा रशिया दोस्त होता. गोधडी रवाना झाली त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये आपल्या झेंड्याशेजारी त्यांचा लाल झेंडा लावला होता, आणि तो लावायला शिडीवर चढले होते हॅरॉल्ड स्टेनरूड. आज तेच शाळा समितीचे अध्यक्ष होते. आता एक्कावन्न साल होतं. कोरियातून तालुक्यातल्या दोन मुलांच्या शवपेट्या आल्या होत्या. रशियन हा शब्द लोक दुकानातसुद्धा आवाज खाली आणून उच्चारत.

फेब्रुवारीत गोधडीची कुजबुज सुरू झाली. ती फक्त लिओनाबद्दल होती. मग समितीकडे एक निनावी पत्र आलं. मोठ्या सुट्या अक्षरांत छत्तीस नावं, आणि खाली एकच ओळ: 'या सगळ्याजणी त्यात होत्या.'

समितीने त्या पत्राची फोटोप्रत काढून प्रत्येकीला पाठवली, काळ्या कागदावर पांढरी अक्षरं. सोबत छापील निवेदन: 'मी फसवली गेले आणि नकळत शत्रूला मदत केली. मला त्याचा खेद आहे.' सगळ्या सह्या आल्या की प्रकरण बंद. एक जरी राहिली, तर ते जिल्ह्याच्या चौकशी मंडळाकडे जाणार, आणि तिथे सगळ्यांना शपथेवर बोलावणार.

दोघी वारल्या होत्या. तेहतीस जणींनी सही केली होती. आर्डिसने दुसऱ्याच दिवशी डेअरीच्या काउंटरवर उभ्याउभ्या केली. पेनाचं टोपण काढायलाच जास्त वेळ लागला होता. राहिली लिओना. ती शिक्षिका, म्हणून तिचं निवेदन सगळ्या शाळेसमोर वाचलं जाणार होतं. सही नाही केली तर नोकरी जाणार. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

"मी फसले नव्हते गं," लिओना म्हणाली. "तिथे माणसं गारठून मरत होती आणि आपल्याकडे कापड होतं. यात फसवणूक कुठे आली?"

"मग नाही म्हणून सांग."

"तेही सांगवत नाही. सकाळी नाही म्हणायचं ठरवते. संध्याकाळी आठवतं, मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. तीन आठवडे हेच चाललंय."

"लिहिणारा सापडला आणि त्याने पत्र मागे घेतलं, तर निवेदनाला आधारच राहणार नाही," आर्डिस म्हणाली. "उद्यापर्यंत थांब."

गोधडी रशियात होती. पण तिचा फोटो गावच्या साप्ताहिकात छापून आला होता.

*

संपादक क्लाइड रासमुसेन यांनी त्रेचाळीसची बांधीव फाइल काढून दिली. मे महिन्यातलं एक पान नव्हतं.

"पान कुणी कापलं?" आर्डिसने विचारलं.

"उंदरांनी."

"उंदीर पट्टी लावून कापतात?"

क्लाइडनी फाइल मिटली. "मीच कापलं. त्याच पानावर माझा अग्रलेख होता. 'रशियन शेतकरी, आपला भाऊ.' गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून मी काय लिहिलं, ते वाचलंयस ना?"

"वाचलंय."

"लोकांना जे वाटतं ते मी लिहितो, आर्डिस. का मी लिहितो ते लोकांना वाटतं? पूर्वी मला हे नक्की सांगता आलं असतं."

"फोटो आहे?"

त्यांनी खालचा खण उघडला. निगेटिव्ह आणि मोठी काढलेली एक प्रत निघाली. "हे जाळायला धीर झाला नाही. बघ ना, कशा हसतायत सगळ्याजणी."

"पत्र तुम्ही पाठवलंत?"

"नवव्या नंबरावर माझी बायको आहे, बाई! पंधरा दिवस घरात मला अंडं उकडून मिळत नाहीये. मी हौसेने केलं असेल का हे?"

*

जंतूंचे ठिपके मोजायच्या भिंगाखाली आर्डिसने फोटो ठेवला. सहा रांगा, प्रत्येकीत सहा चौकोन. ती नावं वाचत गेली आणि लिओना यादीवर खुणा करत गेली.

पहिली सहा नावं वरच्या रांगेतलीच होती. फक्त उजवीकडून डावीकडे. दुसरी रांगही तशीच. शेवटपर्यंत तसंच.

"मग क्लाइडच!" लिओना म्हणाली. "निगेटिव्ह पालथी धरली की सगळं उलटं दिसतं."

"अक्षरंही उलटी दिसतात. ती वाचता येत नाहीत म्हणून माणूस निगेटिव्ह सुलटी करतो. इथे प्रत्येक नाव सरळ वाचलं गेलंय. रांग तेवढी उलटी आहे."

"असं कसं होईल?"

"अजून माहीत नाही. आणि हे बघ. यादीत व्हर्ना स्टाय आहे. फोटोत त्याच जागी व्हर्ना लोकेन."

"अगं, लोकेनच ती. स्टाय माहेरचं. गावात आता कोणी तिला स्टाय म्हणत नाही."

"म्हणजे यादी फोटोवरूनही केलेली नाही."

व्हर्ना लोकेन दर गुरुवारी दुपारी दुधाचे कॅन घेऊन यायची. आर्डिसने तिला कॅन उतरवायच्या धक्क्यावरच गाठलं.

"व्हर्ना, तुझं लग्न कधी झालं?"

"का गं? दुधात निघालं वाटतं काही?"

"सांग ना."

"एप्रिल त्रेचाळीस. त्याची फौजेतली रजा संपायच्या आत उरकलं. केकसुद्धा धड गार झाला नव्हता."

"आणि गोधडीवरचं नाव?"

"ते आधीच भरून दिलं होतं, स्टाय म्हणून. लग्न झाल्यावर सासूबाईंचं तोंड हे एवढं! आमचं नाव रशियाला जायला लाजतं का, म्हणे. तुकडा परत आणला, उसवला, लोकेन भरलं." व्हर्नाने कॅन दणकन खाली ठेवला. "आता त्याच म्हणतात, माहेरचंच राहू दिलं असतंस तर बरं झालं असतं. मी म्हटलं, सासूबाई, आता रशियाला जाऊन उसवून आणते!"

"तुकडा परत कुणाकडून आणला होतास?"

"बोर्गहिल्डमावशीकडून. जोडायचं काम तिचं, म्हणून सगळे चौकोन तिच्याच टेबलावर मांडलेले होते, पालथे. आणि प्रत्येकाच्या पाठीवर नावाची चिठ्ठी टाचलेली."

"नाव बदललंस तेव्हा चिठ्ठी बदललीस?"

"ती कशाला बदलू? चिठ्ठी काय रशियाला जाणार होती?"

आर्डिसने दुधाच्या नोंदीचा कागद तिच्या हातात दिला. व्हर्ना गेल्यावर ती लिओनाला बोलवायला आत गेली.

*

बोर्गहिल्ड आमुंडसेन एक्काहत्तर वर्षांची होती. तिने लग्न केलं नव्हतं. चर्चच्या गायकांचे झगे आणि गावातल्या निम्म्या मुलींचे लग्नाचे पोशाख तिने शिवले होते. दोघींना दारात पाहून तिने काही न विचारता कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं.

"मावशी, मला वाटतं तसं सांगते," आर्डिस म्हणाली. "चुकलं तर थांबवा."

म्हातारीने मान हलवली.

"गोधडीचे चौकोन जोडताना ते पालथे मांडावे लागतात, कारण शिवण मागून घालतात. मागून भरतकाम वाचता येत नाही, म्हणून पाठीवर चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांवरून कोणीतरी मांडणीचा कागद केला. रांगा मागून लिहिल्या, म्हणून डावं ते उजवं झालं. चिठ्ठीवरची अक्षरं मात्र सरळच होती. त्या कागदावर व्हर्ना स्टायच राहिली, कारण तिने कापड बदललं, चिठ्ठी नाही. आठ वर्षांनी त्याच कागदावरून यादी झाली. एक रांग लिहायची, कागदावर बोट खाली सरकवायचं, पुढची रांग लिहायची. तेवढ्यात दोन मिलिमीटर जागा सुटायची. सुटी मोठी अक्षरं ओळख लपवायला नव्हती. मापाच्या कागदांवर तुम्ही नेहमी तशीच लिहिता."

बोर्गहिल्डने हात पुसले. टाकेकामाच्या टोपलीतून एक पिवळा पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आर्डिसने तो न उचलताच वाचला.

"तुमचं स्वतःचं नाव आहे यादीत," लिओना म्हणाली. "म्हणून कुणाला शंकाच आली नाही. का केलंत, मावशी? माझं काय वाकडं होतं तुमच्याशी?"

"तुझ्याशी?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, तुझ्याचसाठी केलं! सगळे तुला एकटीला धरून होते. मी म्हटलं, दाखवावं त्यांना, आम्ही सगळ्याच होतो. पाद्रीसाहेबांची बायको, स्टेनरूडची बायको, मी. छत्तीस जणींना कोण बोलणार?"

"मग तेवढंच लिहायचं ना!"

"लिहिलं की. या सगळ्याजणी त्यात होत्या."

लिओनाने ती ओळ मोठ्याने वाचली. आधी समितीने वाचली असेल तशी. मग बोर्गहिल्डने म्हटली तशी. शब्द तेच होते.

"खाली नाव का नाही घातलंत?" आर्डिसने विचारलं.

"चांगलं काम करताना कोण खाली आपलं नाव घालतं?"

कॉफी उतू गेली. आर्डिसने उठून भांडं खाली उतरवलं.

"उद्या समितीसमोर या," ती म्हणाली. "आत्ता सांगितलंत तेवढंच सांगा. मी बरोबर येते."

"आले असते गं. त्या फोटोप्रती आल्या त्याच दिवशी निघाले होते. कोपऱ्यावरून परत आले." बोर्गहिल्डने खणातून एक कार्ड काढलं. त्यावर तिचा फोटो होता आणि अंगठ्याचा ठसा. "अठराशे नव्व्याण्णव साली आत्याबरोबर नॉर्वेहून आले. एकोणीस वर्षांची होते. नागरिकत्वाचं कुणी विचारलं नाही, मीही घेतलं नाही. दर जानेवारीत पोस्टात जाऊन परदेशी म्हणून फॉर्म भरते. समोर उभी राहिले की आधी कागद मागतील. मागच्या वर्षी त्या फिनिश सुताराला देशाबाहेर धाडायला नेलं ना? तो तर माझ्याआधी आला होता."

"पण तुम्ही रशियन थोड्याच आहात!"

"तो तरी कुठे होता? नॉर्वेत आता मला ओळखणारं कुणी नाही, आर्डिस. भाषासुद्धा चुकते माझी."

आर्डिस खुर्चीत बसली. उत्तर बरोबर होतं. प्रत्येक पायरी तिने तपासली होती. या उत्तराने काय होईल, तेवढं तिने धरलं नव्हतं.

"मी सांगेन, लिहिणारा सापडला नाही," ती म्हणाली.

"तुला एका दिवसात सापडला," लिओना म्हणाली. "जिल्ह्याच्या माणसांना किती दिवस लागतील? आणि शोधायचीही गरज नाही. मी नाही म्हटलं की छत्तीसच्या छत्तीस तिथे जाणार. शपथ, जन्मगाव, कागद."

"म्हणजे मी आज हे शोधलंच नसतं तर..."

"तर मी उद्या कदाचित नाही म्हटलं असतं. आणि यांना नेताना मला कळलंही नसतं, का नेतायत ते." लिओनाच्या बोलण्यात राग नव्हता. आर्डिसला तो असता तर बरं वाटलं असतं.

"लिओना, माझ्याकडे बघू नकोस," बोर्गहिल्ड म्हणाली. "तुला जे खरं वाटतं ते कर. मी म्हातारी आहे."

"मुलं विचारतील," लिओना म्हणाली. पण ती कुणाला उत्तर देत नव्हती. "पहिल्या बाकावरची तर विचारतीलच. बाई, तुम्ही तर नकाशावर दाखवलं होतंत, गोधडी कुठल्या बंदरातून गेली."

ती उठली. भिंतीवरच्या टेलिफोनजवळ जाऊन तिने हँडल फिरवलं आणि ऑपरेटरकडे स्टेनरूडांचं घर मागितलं. त्या रस्त्यावरच्या नऊ घरांना मिळून एकच तार होती. तारेवर टिक्‌ असा आवाज झाला. मग आणखी एक. मग दोन एकदम. घराघरांतून रिसीव्हर उचलले जात होते.

"नको गं," बोर्गहिल्ड म्हणाली, आणि तिने एप्रन तोंडावर धरला.

आर्डिसला वाटलं, उठून लिओनाचा हात धरून तिला थांबवावं. तिला तो अधिकार नव्हता. तिची स्वतःची सही तीन आठवड्यांपूर्वीच तिकडे जमा होती.

पलीकडून स्टेनरूडांचा आवाज आला. लिओनाने डोळे मिटले, पण बोलली ती वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात.

"स्टेनरूडसाहेब, मी लिओना टेश. तुमचं निवेदन समोर आहे. हो, वाचलंय. सगळ्यांना ऐकू येतंय ना? मग ऐका. मी फसले होते. मी सही करते."