बार्थेलची फळी

कुणी विचारलंच तर बॉयलर आहे म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं. बिअरच्या कारखान्याचा. चाळीस मीटर लांब, ताडपत्रीत गुंडाळलेला, पुढून माशासारखा निमुळता, आणि सोबत एक खलाशी. १९४२च्या त्या उन्हाळ्यात आमच्या जर्मनीतल्या फ्रँकोनियाच्या खेड्यांमधली पोरं रस्त्याकडेला उभी राहून ओरडायची, “पाणबुडी आली, पाणबुडी!” आम्ही मात्र गुप्तता कसोशीनं पाळली. एकदाही दुजोरा दिला नाही.

मी पुढचा ट्रॅक्टर चालवायचो. मागच्या टोकाला, सांगाड्याला पाठ टेकून फेर्डल बसायचा. मागची चाकं वळवणं त्याच्याकडे. मध्ये ती.

किनाऱ्यालगतच्या कामासाठी बांधलेली लहानशी बोट. युद्धाच्या सुरुवातीला उत्तर समुद्रात तिनं दोन मालवाहू जहाजं बुडवली, मग म्हातारी ठरून बाल्टिकमध्ये नव्या पोरांना शिकवण्याच्या कामाला लागली. तिथं आपल्याच जहाजाची धडक बसून बुडाली. तीन महिन्यांनी वर काढली, आतली माणसं नेऊन पुरली, रंग दिला आणि पुन्हा नोकरीवर घेतली. निवृत्ती ही कल्पना आमच्या सरकारला पसंत नव्हती. आता ती काळ्या समुद्रावर हवी होती. समुद्राची वाट बंद, म्हणून ड्रेस्डेनपासून डान्यूबपर्यंत डांबरी रस्त्यानं. मनोरा कापला, इंजिनं काढली, सांगाडा कुशीवर आडवा केला, सगळी झाकणं वेल्डिंग करून बंद केली. पुढं दोन वर्षांनी तिच्याच खलाशांनी तिला तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडवली, असं ऐकलं.

एका पुलाखालून ती जाईना, म्हणून गावातून वळसा घेतला आणि चर्चच्या चढावर टायर फुटला. दुपार होती; नवा टायर सकाळी येणार होता. फेर्डल खाली उतरला, ताडपत्रीखालून ठिबकणाऱ्या पाण्याला बोट लावून त्यानं ते चाखलं. त्याला काहीही चाखायची खोड होती.

“उस्ताद, खारट आहे.”

“तुझाच घाम असेल.”

“मी एवढा गार नाही.”

महिनाभर पाऊस नव्हता. सांगाडा ड्रेस्डेनला आतून झाडून, पुसून बंद केलेला मी स्वतः पाहिला होता.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई आली. कुनिगुंडे रोडेल. ठेंगणी, हाताला पीठ. खानावळवाली माझ्या कानाशी म्हणाली, “याआधी असल्या दोन गेल्या इथून. तिनं गोठ्यातून मानसुद्धा वर केली नाही.”

बाई सरळ माझ्याकडे आली. “माझा बार्थेल हिच्यावर होता.”

“बाई, हा बॉयलर आहे.”

“असू दे. बॉयलरमध्ये आहे.”

आमच्या सोबतचा खलाशी ब्रोडर खाली बघत राहिला. तो हिच्यावरच नोकरीला होता. बुडाली त्या दिवशी दाढ दुखत होती म्हणून किनाऱ्यावर राहिला. नंतर त्यानं मला हळूच सांगितलं, “प्रेतं काढली तेव्हा दोघं कमी भरले. झाकणं सगळी आतून बंद होती, उस्ताद.”

आमच्याकडे मेलेल्याला पुरेपर्यंत ज्या फळीवर निजवतात, तीच नंतर नाव रंगवून वाटेकडेला उभी करतात. फळी कुजून पडली की माणूस सुटला. बार्थेल मिळालाच नव्हता. त्याला फळी नव्हती, म्हणजे सुटकाही नव्हती.

रोडेलबाईनं फळी तयार ठेवली होती. “दाराच्या चौकटीवर त्याची उंची कोरलीय, त्या मापानं कापलीय. आजची रात्र हिला त्याच्या शेजारी ठेवा. एवढंच.”

“मावशी, आम्हाला परवानगी...” मी सुरुवात केली.

“बॉयलरला कसली परवानगी?” फेर्डल म्हणाला.

ब्रोडरनं फळी घेतली आणि एका हातानं ताडपत्रीखाली सरकवली.

सकाळी फळी निघेना. ब्रोडरनं ओढली, मग मी हात लावला, मग फेर्डल आणि खानावळवालीचा नवरा आले. चौघांनी मिळून ती बाहेर काढली. एवढं वजन कशाचं असतं ते चौघांनाही माहीत होतं. प्रत्येकानं कुणाला ना कुणाला खांदा दिलेला होता.

फळी ओली होती. सगळी नाही. डोक्यामागचा भाग, खांदे, कंबर, पोटऱ्या.

टाचा नव्हत्या. ओल फळीच्या टोकापर्यंत येऊन पुढं हवेत गेली होती, आणि तिथून थेंब पडत होते.

बाईनं वरपासून खालपर्यंत हात फिरवला. टोकाशी थांबली.

“हा माझा नाही.”

ब्रोडर फळीच्या टोकाशी वाकला. “हार्म आहे. टॉर्पेडोवरचा. झोपायचा तेव्हा त्याचे पाय बाहेर लोंबायचे. बार्थेल... बार्थेल माझ्या खांद्याला लागायचा.”

“आई आहे याला?”

“आहे. पार उत्तरेला, हुसुमला.”

तिनं एप्रनला हात पुसले. फार वेळ पुसले.

“घरात घ्या. डोक्याकडून आणा, तो येतोय, जात नाही.”

आम्ही त्याला तिच्या बैठकीच्या खोलीत ठेवलं. तिनं मेणबत्ती लावली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. पुरेपर्यंत मेलेल्याला एकटं सोडायचं नसतं. घरच्या माणसानंच बसायचं असतं. त्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

“दुसरी फळी कापू,” ब्रोडर म्हणाला. “आजचा दिवस थांबू. टायर पुन्हा फोडतो मी.”

पण आम्ही कुठं अडकलो ते बघायला अधिकाऱ्याची मोटार येऊन उभी राहिली होती. अधिकारी सभ्य होता. त्यानं फक्त घड्याळ दाखवलं.

मी खिडकीशी गेलो. “मावशी, निघावं लागतंय.”

ती उठली नाही. तिची नजर त्या ओल्या फळीवर होती.

“त्याला सांगाल? म्हणावं, घरात पाहुणा आहे. आईला उठता येत नाही.”

आयुष्यात मी पत्र्याशी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. ताडपत्री उचलून, अधिकाऱ्यासमोर, शब्दन् शब्द.

मग गाडी हलवली.

गावाबाहेर फेर्डलनं थांबायच्या खुणेची घंटा वाजवली. मी उतरून मागं गेलो. फेर्डल पुढं वाकून बसला होता, सांगाड्याला पाठ लागू न देता.

“आतून चालत आला,” तो म्हणाला. “तू निघालास तसा. गाव जसं लांब पडेल तसा मागं मागं.”

“आणि?”

“मागं आता जागा नाही, उस्ताद.”

मी पत्र्याला कान लावला. आत कुणीतरी ओल्या तळहातानं पत्रा चाचपत होतं. एक वीत. मग पुढची वीत. अंधारात घराचं दार शोधावं तसं.